मधल्या रांगेतले देश

ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवणाऱ्यांच्या वाट्याला चाल क्वचितच येते. चाल पहिल्या व्हायोलिनांची, नाहीतर ओबो-क्लॅरिनेटची. पाया चेलो आणि डबल बासचा. मधलं जे उरतं ते आमचं: ठेका धरायचा, पोकळी भरायची, कुणाचा श्वास संपत आला की त्याचा स्वर अलगद उचलून पुढे न्यायचा. घरी रियाज करताना ऐकणाऱ्याला काही कळत नाही. सासूबाई बरीच वर्षं मुकाट्याने ऐकत होत्या. एकदा न राहवून म्हणाल्या, "अगं, याचं गाणं सुरू कधी होणार?"

अशा वेळी मी मोझार्टच्या चाळिसाव्या सिंफनीचा दाखला देते. सलिल चौधरींनी १९६१च्या 'छाया'त तिची चाल उचलली आणि ती आपल्याकडे घरोघर गेली. मूळ सिंफनी १७८८ची, आणि ती चालीने सुरू होत नाही. आधी व्हायोला दोन तुकड्यांत वाटून एक अस्वस्थ, दबलेली धडधड सुरू करतात. ती जेमतेम एखादा बार चालते न चालते, तोच व्हायोलिनं चाल घेऊन येतात. धडधड काढून टाका आणि तीच चाल नुसती गुणगुणून बघा. गोड लागते, पण तिच्यातली बेचैनी गेलेली असते. सासूबाईंना हे मी पियानोवर वाजवून दाखवलं. त्यांना 'छाया'तलंच जास्त आवडलं, पण मुद्दा पटला.

आमच्या हौशी ऑर्केस्ट्राने यंदा देशोदेशीच्या संगीताचा कार्यक्रम बसवला तेव्हा हाच मुद्दा महिनोन्‌महिने डोक्यात घोळत होता. अशा कार्यक्रमांच्या पोस्टरवर झेंड्यांची माळ असते. आमच्याही होती. मला ती आवडत नाही. एका संध्याकाळी व्हिएन्ना, प्राग, हेलसिंकी आणि मेक्सिको, म्हणजे सहलीच्या कंपनीची जाहिरातच. शिवाय त्या माळेमुळे ऐकणाऱ्याची अशी समजूत होते की देश चालीत असतो, आणि चाल ओळखली की देश कळला. चाल कुठेही जाते. आपल्याकडे तर ती नेपल्सहून आणि साल्झबुर्गहून येऊन हिंदी शब्द ल्याली. हलायला तयार नसतो तो चालीखालचा ठेका. त्यात जोर कुठे पडतो आणि कुठे मुद्दाम पडत नाही, हे प्रत्येक गावाचं वेगळं. ते सांभाळण्याचं काम दुसरी व्हायोलिनं आणि आम्ही करतो.

वॉल्ट्झचंच बघा. 'ब्लू डॅन्यूब' कागदावर अगदी बाळबोध आहे. बास पहिल्या मात्रेवर 'धम्' देतो, दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेवर आम्ही 'चक्-चक्' म्हणतो, आणि तिन्ही मात्रा सारख्या लांबीच्या लिहिलेल्या असतात. आमच्यातले निम्मे लोक हिंदी सिनेमाची गाणी ऐकत वाढलेले. शंकर-जयकिशनकडे वॉल्ट्झ भरपूर आहेत, पण ते आपल्या कानात दादऱ्यासारखे सरळ बसलेले. त्यामुळे पहिल्या तालमीत आम्ही वाजवलं ते बिनचूक होतं आणि व्हिएन्नाचं मुळीच नव्हतं. व्हिएन्नात दुसरी मात्रा आपल्या जागेच्या किंचित आधी येते. मग थोडी मोकळी हवा, आणि मग तिसरी, हलकी, जवळजवळ सोडून दिलेली. किंचित म्हणजे किती, ते कुठेही लिहिलेलं नाही. चाल रेंगाळली की ते अंतर वाढतं, वेग चढला की कमी होतं. मोजून वाजवलं तर लंगडल्यासारखं ऐकू येतं.

पाहुणे कंडक्टर जरा वेळ ऐकत राहिले. मग त्यांनी आम्हाला वाद्यं खाली ठेवायला लावली आणि वांद्र्याच्या एका शाळेच्या हॉलमध्ये दोघादोघांना नाचायला उभं केलं. हसण्या-लाजण्यात पाच मिनिटं गेली. माझ्या स्टँडवर शेजारी बसणारे पारशी काका सत्तरी ओलांडलेले. तरुणपणी जिमखान्यात रीतसर नाचलेले. त्यांनी मला हाताला धरून एक फेरी मारली आणि तेवढ्यात माझ्या पायाला कळलं. पहिल्या पावलावर शरीर झोकलं जातं, त्या झोकात दुसरं पाऊल लवकर पडतं, आणि तिसऱ्याला फक्त पाय जुळवायचे असतात. व्हिएन्नाच्या व्हायोला वाजवणाऱ्यांनी हे कागदावरून घेतलेलं नाही. नाचणाऱ्यांसाठी वाजवता वाजवता ते त्यांच्या मनगटात आलं, आणि गुरूकडून शिष्याकडे गेलं.

परत बसल्यावर आम्ही गजाची दिशा बदलली. 'चक्-चक्' खाली-वर काढत होतो, ते दोन्ही वर असं केलं. वरचा गज आपसूक हलका असतो. शिवाय दोन वरच्या गजांच्या मधे गज उचलावा लागतो आणि ती मोकळी हवा फुकटात मिळते. पेन्सिलीने दोन इंग्रजी व्ही काढायचे एवढंच काम. श्रोत्यांपैकी कुणाला हे दिसलं नसणार, पण कार्यक्रमाच्या दिवशी तिसऱ्या रांगेतल्या एक बाई बसल्या जागी डुलायला लागल्या, त्याचं थोडं श्रेय मी त्या दोन व्हींना देते.

जाता जाता: मुंबईच्या माणसाला व्हिएन्ना परकी वाटायचं कारण नाही. मेहली मेहतांनी १९३५ साली इथे बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. त्यांचा मुलगा झुबिन १९५४ साली अठराव्या वर्षी व्हिएन्नाला शिकायला गेला, तिथे कंडक्टिंगबरोबर डबल बासही वाजवायला शिकला, आणि पुढे व्हिएन्ना फिलहार्मोनिकच्या नववर्षाच्या कार्यक्रमाचं संचालन त्याने पाच वेळा केलं. सगळ्या वॉल्ट्झचा 'धम्' ज्या वाद्यातून निघतो ते वाद्य त्याने हातात धरलेलं होतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

चेक संगीतकार द्वोर्झाकविषयी मात्र मी निःपक्षपाती राहू शकत नाही, कारण तो आमचा माणूस. १८६२पासून नऊएक वर्षं तो प्रागच्या थिएटरच्या ऑर्केस्ट्रात व्हायोला वाजवत होता, त्यातली काही संगीतकार स्मेतानाच्या हाताखाली. खाटीक आणि खाणावळवाल्याचा मुलगा, पगार तुटपुंजा, समोर रोज नवा ऑपेरा. इतकी वर्षं मधल्या रांगेत बसलेला माणूस संगीत आतून ऐकायला शिकतो. १८७८ साली ब्राह्म्सच्या शिफारशीवरून बर्लिनच्या झिमरॉक या प्रकाशकाने त्याच्याकडून 'स्लाव्होनिक डान्सेस' लिहून घेतले. ब्राह्म्सचे 'हंगेरियन डान्सेस' धडाक्यात खपत होते, तसंच आणखी काहीतरी हवं होतं.

दोघांच्या कामातला फरक बघण्यासारखा आहे. ब्राह्म्सने चाली घेतल्या. त्यातली सगळ्यांना पाठ असलेली पाचव्या नाचाची चाल त्याला लोकसंगीतातली वाटली होती. ती निघाली बेला केलर नावाच्या संगीतकाराची. ब्राह्म्सने आपल्या नाचांना ओपस क्रमांक दिलेला नव्हता, ही केवळ मांडणी आहे असंच त्याचं म्हणणं होतं. द्वोर्झाकने चाली घेतल्याच नाहीत. त्या त्याने स्वतः रचल्या. गावाकडून घेतला तो फक्त ठेका. आणि आज दोन्ही ऐकताना मला द्वोर्झाकच जास्त गावचा वाटतो.

आम्ही वाजवला तो पहिला, सी मेजरमधला. हा 'फुरियांत', बोहेमियाचा नाच, तीन मात्रांचा आणि भन्नाट वेगाचा. सुरुवातीला सगळा ऑर्केस्ट्रा एक भलाथोरला कॉर्ड धरून ठेवतो आणि मग अंगावर धावून येतो. ठेका बारा मात्रांचा: दोन, दोन, दोन, मग तीन, तीन. वेग इतका की कंडक्टर तीन मात्रांना मिळून एकदाच काठी पाडतो. म्हणजे बारा मात्रांत काठी पडते चारदा आणि जोर येतात पाच. काठी पहिली, चौथी, सातवी आणि दहावी मात्रा दाखवते. जोर पहिली, तिसरी, पाचवी, सातवी आणि दहावीवर. तिसऱ्या-पाचव्या मात्रेवर तुम्ही आपल्या जबाबदारीवर असता, आणि चौथीवर काठी खाली येते तेव्हा तिच्याकडे चक्क दुर्लक्ष करायचं असतं. काठीकडे बघून वाजवायची सवय लागलेल्यांची इथे त्रेधा उडते.

यातून सोडवलं आमच्या चेलोवाल्या मुलीने. ती माटुंग्याची, लहानपणी मृदंगम शिकलेली. मांडीवर टाळी देत ती सहज म्हणाली, "तक तक तक, तकिट तकिट." संपलं. पहिल्या व्हायोलिनपासून ट्रॉम्बोनपर्यंत सगळे ते म्हणायला लागले. कंडक्टरसाहेबांनी तिला पुन्हा म्हणायला लावलं आणि आपल्या स्कोअरवर रोमन लिपीत लिहून घेतलं. बोहेमियातल्या नाचाची किल्ली माटुंग्याला सापडली, याचं आमच्यात कुणालाच नवल वाटलं नाही. बारा मात्रांशी खेळायची सवय असलेल्या कानाला पाच जोर आणि चार काठ्या यांचं भांडण ऐकू येतच नाही. त्याला एकच आवर्तन ऐकू येतं.

पुढे बार्टोकचे 'रुमानियन फोक डान्सेस' होते. बार्टोक खांद्यावर फोनोग्राफ टाकून ट्रान्सिल्व्हानियातल्या खेड्यांतून फिरला आणि मेणाच्या नळकांड्यांवर चाली टिपून घेतल्या. त्यांतल्या काही त्याने १९१५ साली पियानोसाठी आणि दोन वर्षांनी छोट्या ऑर्केस्ट्रासाठी बांधल्या. त्या वेळचं नाव होतं 'हंगेरीतली रुमानियन लोकनृत्यं'. १९२० साली त्रियानोंचा तह झाला, ट्रान्सिल्व्हानिया रुमानियात गेला आणि नावातली हंगेरी गळली. स्वर तेच, मात्रा त्याच, खेडीही आपल्या जागी. आता पोस्टरवर झेंडा कुणाचा लावणार? आमच्या पोस्टरवर रुमानियाचा लागला. रचणारा हंगेरीचा, म्हणून समितीतल्या एकांनी आक्षेप घेतला आणि त्यावर चहाचे दोन फेरे झाले.

सिबेलियसच्या 'फिनलंडिया'वर मला फार बोलायचं नाही. १८९९ साली रशियाच्या अमलाखालच्या हेलसिंकीत, वृत्तपत्रांची मुस्कटदाबी चाललेली असताना वृत्तपत्रांच्याच मदतीसाठी झालेल्या समारंभाकरता ते संगीत लिहिलं गेलं, आणि पुढे सेन्सॉर चुकवायला इतर नावांखाली वाजवलं गेलं. हे वाचलं की छाती भरून येते. पण आमच्या रांगेला त्यात थरथरता गज भरपूर आहे. ऑगस्टमधल्या मुंबईत घोड्याचे केस दमटपणाने सैल पडतात, स्क्रू कितीही पिळला तरी गज लुळाच, खुंट्या फुगून जागच्या हलत नाहीत, आणि ए धरून बसलेल्या ओबोवाल्याचा जीव कंठाशी येतो. उत्तर ध्रुवाजवळचा तो ताठ, थंड आवाज काढायचा तर आधी खोलीतला एसी चालू असावा लागतो.

आर्तुरो मार्केसचा 'दान्सोन क्रमांक २' मात्र मी पुन्हा पुन्हा वाजवायला तयार आहे. १९९४ सालचा, मेक्सिकोच्या राष्ट्रीय विद्यापीठाने लिहून घेतलेला. २००७ साली व्हेनेझुएलाच्या सिमोन बोलिव्हार युवा ऑर्केस्ट्राने कंडक्टर दुदामेलच्या हाताखाली तो दौऱ्यावर नेला आणि तो जगभर पोचला. आता तो मेक्सिकोचं दुसरं राष्ट्रगीत असल्यासारखा वाजतो. पण दान्सोन हा नाच मूळचा क्युबाचा. समुद्र ओलांडून तो व्हेराक्रुसच्या बंदरात उतरला आणि मेक्सिकोत रुजला. त्याच्याआधी क्युबात होती कोंत्रादान्सा, ती फ्रेंचांच्या कोंत्रदांसवरून, आणि फ्रेंचांनी ती इंग्रजांच्या खेड्यातल्या नाचावरून घेतलेली. मधे कुठेतरी हैतीहून आलेल्या लोकांनी तिच्यात पाच ठोक्यांचा तो वाकडा ठेका घातला, असं मानतात. इंग्लंडचा सभ्य नाच कॅरिबियन समुद्रात अशा लोकांच्या हाती पडला, ज्यांचे पूर्वज आफ्रिकेतून बेड्या घालून आणले होते. चाल बदलत गेली, कपडे बदलत गेले. तो पाच ठोक्यांचा तिढा तेवढा टिकला. आजही ऑर्केस्ट्रात तो वाजला नाही तर उरतं ते नुसतं गोड-गोड क्लॅरिनेट.

या रचनेचे पार्ट भाड्याने येतात. प्रकाशक खोकं पाठवतो, कार्यक्रम झाला की परत करायचं. मला भाड्याचे पार्ट आवडतात, कारण त्यांवर आधीच्या लोकांच्या पेन्सिली असतात. वाजवणाऱ्यांची ही चिठ्ठ्याचपाट्यांची जुनी रीत आहे. आमच्या स्टँडवर आलेल्या पार्टमध्ये पहिल्याच पानावर स्पॅनिशमध्ये काहीतरी लिहून दोनदा अधोरेखित केलं होतं. चौथ्या पानावर कुणीतरी जर्मन दिसणाऱ्या अक्षरात बोटांचे आकडे घातले होते, आणि ते माझ्या बोटांना अजिबात सोयीचे नव्हते. आणि जिथे ताल अचानक आवळतो, त्या जागी चष्म्याचं चित्र: दोन गोल, मधे एक दांडी. 'मान वर कर, कंडक्टरकडे बघ', हे सांगायला जगभरचे वादक हाच चष्मा काढतात. त्या एका जागी तीन चष्मे होते, एकाखाली एक, तीन वेगवेगळ्या हातांचे. त्यावरून मला इतकंच कळलं की इथे तीन ऑर्केस्ट्रांची तारांबळ उडालेली आहे. काकांनी खिशातून पेन्सिल काढून चौथा काढला.

क्लावेस वाजवायला आमच्याकडे हौशी कुणी नव्हतं, म्हणून सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारे एक तालवादक बोलावले. नोटेशनकडे त्यांनी एक नजर टाकली आणि बाजूला ठेवून दिलं. सी. रामचंद्रांच्या काळापासून बोंगो आणि माराकस आपल्या स्टुडिओंत रुळलेले, गोव्याहून आलेले वादक हॉटेलांच्या बँडमधून हे सगळं वाजवत तिथे पोचलेले. त्यामुळे या माणसाच्या मनगटात क्युबा वारसाहक्कानेच आलेला होता. दोन लाकडी दांड्या. एक मुठीच्या पोकळीत नुसती टेकवलेली, दुसरी तिच्यावर. घट्ट धरली तर आवाज मरतो. त्यांनी दोन ठोके दिले आणि आमची अख्खी रांग खुर्चीत सरसावून बसली. आम्हाला बोटांनी तार छेडत त्यांच्या ठोक्यांमधल्या फटी भरायच्या होत्या. एरवी इतकं 'बरोबर' वाजवू पाहणारे आम्ही त्या दिवशी नुसते त्यांच्या मागून चाललो.

कार्यक्रम संपल्यावर नेहमीचा प्रश्न आलाच. "सगळे देश झाले, आपलं काही नाही?" प्रश्न रास्त आहे. असं नाही की कुणी केलं नाही. रविशंकरांचे सतार कॉन्चेर्तो आहेत, १९७१चा लंडनमध्ये कंडक्टर आंद्रे प्रेविनबरोबर, १९८१चा न्यूयॉर्कमध्ये झुबिन मेहतांबरोबर. झाकीर हुसेन यांचा तबला आणि ऑर्केस्ट्रासाठीचा 'पेशकार' २०१५ साली इथे मुंबईत, एनसीपीएच्या सभागृहातच, सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाने पहिल्यांदा वाजवला. मला त्यातला 'पेशकार' जवळचा वाटतो, कारण त्यात ऑर्केस्ट्रा तालाशी बोलायला येतो.

पण हौशी ऑर्केस्ट्रांसाठी जे 'भारतीय' मांडून दिलं जातं त्याची रीत ठरलेली आहे. चाल व्हायोलिनांना, वर एक बासरी, आणि व्हायोलांना तानपुरा. व्हायोलाच्या खालच्या दोन मोकळ्या तारा सी आणि जी. सी ला षड्ज धरला की सा आणि प आयते हाती. मग आठ पानं आम्ही सा-प, सा-प. बरं, चाल मिळालेल्यांचंही फार बरं चालत नाही. मींड एका गळ्याची किंवा एका बोटाची असते. बारा व्हायोलिनं एकत्र मींड घ्यायला गेली की बारा रस्त्यांनी जातात आणि मुक्कामी पोचल्यावर एकमेकांना शोधतात. म्हणून मग ती सरळ केली जाते, आणि राग ओळखू येण्यापुरता उरतो.

द्वोर्झाकचा रस्ता कुणी धरला तर? पुढच्या वर्षी लावण्यांची एक मालिका करायचं समितीच्या मनात आहे. मांडणी करणाऱ्या तरुणाने आराखडा दाखवला: पुढे ढोलकीवाला, मागे आम्ही, हातात लांबलचक स्वर. ढोलकी पुढे हवीच, तिला पर्याय नाही. पण मी त्याला म्हटलं, निदान एक लावणी अशी बांध की ढोलकी मधेच थांबेल आणि तिची थाप आमच्या रांगेत येईल. डाव्या पुडीचा घुमारा चेलोंच्या छेडलेल्या तारेला दे, शाईची कडक थाप दुसऱ्या व्हायोलिनांना आणि आम्हाला, गजाच्या लाकडाने तारेवर. चाल वाटलं तर तुझी स्वतःची असू दे.

तो म्हणाला, "ताई, लाकडाने वाजवलं तर गजाचं पॉलिश जातं, तुमचेच लोक बोंब मारतील."

मारतील, हे खरं आहे. काकांचा गज त्यांच्या आजोबांचा आहे आणि ते लाकूड तारेला लावू देणार नाहीत. मी त्याला सांगितलं, स्वस्तातले फायबरचे गज मिळतात, एका लावणीपुरते घेऊ. धुमाळी या ठेक्याचे बोल मी त्याला कागदावर मांडून दिलेत, कुठला बोल कुठल्या तारेवर ते खुणांसकट. दुसऱ्या व्हायोलिनांच्या पुढारीण बाईंशी बोलणं झालंय. त्यांनी एक बार वाजवून पाहिला, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा वाजवून पाहिला.